मदत हवी आहे: अभंगाखालच्या सिंथ पॅडचं ऑटोमेशन – नॉब सोडला की मागे जातो, पॅच बदलला की रेघ निरुपयोगी होते

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी,

आमच्या भजनी मंडळाच्या अभंगांचं रेकॉर्डिंग घरीच करतेय. गायन, पेटी, पखवाज, टाळ सगळं वाजून झालंय. या सगळ्याच्या खाली, ऐकणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये इतका मंद, सिंथचा पॅड, म्हणजे लांब धरलेला पार्श्वस्वर, हवाय. सॉफ्टवेअर रीपर, सिंथ सर्ज एक्सटी, व्हीएसटी३ आवृत्ती, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ. पॅडमध्ये नुसते सा आणि प धरून ठेवलेत, पट्टी काळी दोन.

मला पॅड असा हवाय: ध्रुवपदाला जवळजवळ झाकलेला, म्हणजे फिल्टरचा कटऑफ (ज्याच्या वरचा आवाज कापला जातो ती मर्यादा) बराच खाली. चरण सुरू झालं की हळूहळू उघडत जावा, ध्रुवपदावर परत आलं की मिटावा, आणि शेवटी गजराला लय चढते तेव्हा पूर्ण खुलावा. हे माउसने रेघा ओढून करायचं नाहीये. बुवा कुठला शब्द लांबवतात, कुठे क्षणभर थांबून समेवर येतात, हे गाणं ऐकताना हाताला बरोबर कळतं. म्हणून नॉब फिरवूनच ते ऑटोमेशनमध्ये, म्हणजे नॉबची हालचाल नोंदणाऱ्या ट्रॅकवरच्या रेघेत, उतरवायचंय.

अडचणी अशा. टच मोडवर कीबोर्डचा नॉब फिरवते तेव्हा उघडणं नीट नोंदलं जातं, पण नॉब जरा स्थिर धरला की कटऑफ खाली जाऊन बसतो. लॅच मोडवर (हात सुटला तरी शेवटचीच किंमत लिहिली जाते) तसं होत नाही, पण मग पुढच्या चरणाचं आधी केलेलं पुसलं जातं.

समजा सगळं नोंदलं गेलं, आणि नंतर वाटलं की पॅड एकंदरीतच थोडा कमी उघडावा. तर कटऑफचा स्लायडर हलवता येत नाही. हलवला की लगेच उडी मारून रेघेवर परत.

पॅच (सिंथचा साठवलेला आवाज) बदलून पाहिला तर तीच रेघ भलतंच काही करते. एका पॅचमध्ये सुंदर उघडणारी हालचाल दुसऱ्यात कर्कश होते, तिसऱ्यात ऐकूच येत नाही.

आणि शेवटचं. गाणं क्लिकशिवाय (मेट्रोनोमशिवाय) गायलंय, ते तसंच हवं होतं. आता टेम्पोचे मार्कर लावून ग्रिड गाण्याला जुळवतेय, तर मार्कर हलवला की ऑटोमेशन गाण्यावरून सरकतं.

त्याआधी सीसी ७४ ने (मिडीतल्या नियंत्रण संदेशाने) मिडी आयटममध्येच करून पाहिलं होतं, पण संथ उघडताना पायऱ्या चढल्यासारखा आवाज येत होता.

---

तारषड्ज

तुमच्या पहिल्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे, म्हणून एकत्रच लिहितो.

रीपर सर्जला 'कटऑफ इतके हर्ट्झ कर' असं सांगत नाही. प्रत्येक पॅरामीटरसाठी ० ते १ मधला एक आकडा पाठवतो आणि त्या आकड्याचा अर्थ सिंथ लावतो. ट्रॅकवरची रेघ म्हणजे याच आकड्यांची मालिका, आणि ते आकडे निरपेक्ष असतात. 'आहे त्यापेक्षा थोडं वर' असं ती रेघ कधीच म्हणत नाही, ती नेहमी 'अमुक जागी जा' म्हणते. म्हणून रेघ चालू असेपर्यंत स्लायडर तिच्या ताब्यात असतो, तुमच्या नाही. पॅच बदलल्यावरही ०.६ हा आकडा तोच राहतो, पण नव्या पॅचमध्ये फिल्टरचा प्रकार वेगळा, रेझोनन्स (कटऑफजवळचा उठाव) वेगळा, कदाचित दुसराच फिल्टर मुख्य काम करत असेल. सर्जमध्ये दोन सीन (आवाजाचे स्वतंत्र थर) असतात, प्रत्येकात दोन फिल्टर. तुम्ही सीन ए च्या पहिल्या फिल्टरचा कटऑफ ऑटोमेट केलाय आणि पॅचचा आवाज सीन बी मधून येतोय, तर काहीच ऐकू येणार नाही.

यावर माझं ठाम मत: सिंथचा आतला पॅरामीटर थेट ऑटोमेट करूच नका. मॅक्रो (एकाच वेळी अनेक पॅरामीटर हलवणारा नॉब) करा. सर्जमध्ये खाली आठ मॅक्रो आहेत. पहिल्या मॅक्रोचं मॉड्युलेशन चालू करायचं आणि कटऑफचा स्लायडर ओढून मॅक्रो पूर्ण फिरवल्यावर तो कुठवर जावा ते ठरवायचं. हवं तर त्याच मॅक्रोला थोडा रेझोनन्स कमी करायला लावा, थोडा रिव्हर्बही जोडा. मग रीपरमध्ये फक्त तो मॅक्रो एकदा हलवा, प्लगइनच्या खिडकीतल्या 'पॅराम' बटणातून त्याची रेघ ट्रॅकवर घ्या आणि तुमचा हात त्या रेघेवर उतरवा.

यामुळे काम दोन ठिकाणी वाटलं जातं. कधी आणि कसं उघडायचं ते रेघेत, किती उघडायचं ते सिंथमध्ये. पॅड एकंदरीत कमी उघडायचा असेल तर मॅक्रो आणि कटऑफ यांच्यातली मात्रा कमी करा, रेघेला हातही लावायचा नाही. झाकलेल्या अवस्थेतला कटऑफ बदलायचा असेल तर तो स्लायडर आता मोकळाच आहे. नवा पॅच घेतलात तर त्यातला पहिला मॅक्रो पुन्हा जोडावा लागेल, कारण जोडण्या पॅचबरोबर साठवल्या जातात. पण रेघ मात्र त्याच पहिल्या मॅक्रोला लागलेली राहते.

आता टच आणि लॅच. टचमध्ये हात सुटला की पॅरामीटर आधीच्या रेघेवर परततो. तुमची आधीची रेघ सपाट आहे, म्हणून तो खाली जाऊन बसतो. तेव्हा आधी लॅचवर पूर्ण अभंग एका दमात करा, चुका होऊ देत. मग एखादं चरण सुधारायचं असेल तेव्हाच टच घ्या. आता तो परतेल तो तुमच्याच पहिल्या हालचालीवर. अजून एक, हे फार जणांना माहीत नसतं: साध्या मिडी नॉबला 'हात सुटला' हे कळवताच येत नाही, त्यामुळे नॉब काही वेळ स्थिर राहिला की हात सुटला असंच धरलं जातं. तुम्ही उघडा पॅड धरून ठेवता नेमकं तिथेच हे घडतंय. म्हणून टच वापरताना मॅक्रोचा स्लायडर माउसने धरा, तिथे बटण दाबल्याची आणि सोडल्याची खबर प्लगइन बरोबर देतं.

---

एकतारी

टेम्पोबद्दल: प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये आयटम, एन्व्हलप (म्हणजे ऑटोमेशनची रेघ) आणि मार्कर यांचा टाइमबेस असतो. तो 'बीट्स' असेल तर टेम्पो बदलला की रेघेचे बिंदू मात्रांबरोबर सरकतात. तुमचं गायन सेकंदांवर बसलेलं आहे, तेव्हा तो 'टाइम' करा आणि मगच मार्कर हलवा. पॅडचे सूर मिडीमध्ये आहेत, ते आतल्या आत मात्रांना बांधलेले असतात. त्या आयटमच्या सोर्स प्रॉपर्टीजमध्ये प्रोजेक्टचा टेम्पो न मानण्याचा पर्याय आहे, तोही लावा.

शिवाय ऑप्शन्समध्ये एन्व्हलपचे बिंदू आयटमबरोबर हलवण्याची सोय आहे, ती चालू आहे का बघा. नाहीतर एखादं ध्रुवपद कापून पुढे नेलं की रेघ मागेच राहील.

---

पखवाज_आणि_पीसी

मला सीसीच सोयीचं वाटतं. हालचाल सुरांच्या आयटममध्येच राहते. आयटम उचलला, दुसऱ्या अभंगात ठेवला, की सगळं बरोबर येतं. पायऱ्या येत असतील तर सीसीच्या बिंदूंना वक्र आकार द्या.

---

तारषड्ज

@पखवाज_आणि_पीसी, सुरांबरोबर हालचाल राहते हा फायदा खरा आहे, छोट्या मुरक्यांसाठी मीही सीसी वापरतो. पण इथे ते पुरणार नाही. साध्या सीसीला ० ते १२७ एवढ्याच किमती, वक्र आकार दिला तरी पाठवायच्या किमती त्याच. समजा पॅड २०० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत उघडतोय. हे साधारण ६४ अर्धस्वर झाले, म्हणजे एकेक पायरी अर्ध्या अर्धस्वराची. तीच चाल ३० सेकंदांत पसरली तर सेकंदाला जेमतेम चार पायऱ्या. सिंथ मधे थोडं गुळगुळीत करतो, पण रेझोनन्स जरा जास्त असला तर तंबोऱ्यासारख्या स्थिर सुरावर त्या पायऱ्या कानाला लागतातच. १४ बिटांचा सीसी घेतला तर १६,३८४ किमती मिळतात, पण तो सगळीकडे चालत नाही. ट्रॅकवरच्या रेघेला हे बंधन नाही. सर्ज आतून ३२ सॅम्पलच्या तुकड्यांत काम करतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला दर ०.६७ मिलिसेकंदाला.

दुसरं, गाणं मधूनच वाजवायला घेतलं तर रेघेवर त्या क्षणाची किंमत लगेच मिळते. सीसीच्या बाबतीत मागचा बिंदू शोधून पाठवावा लागतो, आणि ती सोय बंद असेल तर पॅड चुकीच्या जागेवरून सुरू होतो.

---

मंद्रसप्तक

मनापासून आभार! टाइमबेस बदलला, मार्कर हवे तसे हलवले, रेघ जागची हलली नाही. मॅक्रोनेही काम झालं, आणि पॅच बदलून पाहण्याची भीती गेली. एका मॅक्रोला कटऑफबरोबर रिव्हर्ब जोडल्यावर गजर जो काही खुलतो, ते ऐकून मंडळातल्या काकांनी तोच भाग पुन्हा पुन्हा लावायला सांगितला.

आता दोन गोष्टी उरल्या. नॉबमुळे रेघेवर बिंदूंची इतकी दाटी झालीय की एखादा वळसा सुधारायचा तर कुठला बिंदू धरावा कळत नाही. आणि बुवा खर्जात उतरतात तेव्हा पॅड त्यांच्या आवाजावर चढतो. तिथे तो आपोआप मागे सरावा, पण हाताने केलेली चाल तशीच राहावी, असं करता येईल का?

---

एकतारी

बिंदूंसाठी एन्व्हलपच्या मेनूत बिंदू कमी करण्याची आज्ञा आहे. एकदम फार कमी करू नका, थोडे कमी करून ऐका, मग आणखी. नोंद करतानाच ते विरळ करण्याचा पर्याय प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशनखाली आहे. मी मात्र तो बंद ठेवते. आधी हाताची पूर्ण नोंद हवी, छाटणी नंतर.

ध्रुवपदाची चाल एकदा मनासारखी झाली की तिचा ऑटोमेशन आयटम करून ठेवा. रीपर ५.५० पासून ही सोय आहे. त्याच्या पूल केलेल्या प्रती प्रत्येक ध्रुवपदाला लावल्या की एकीत केलेली दुरुस्ती सगळ्यांत होते. एखाद्या ठिकाणी तीच चाल कमी उंचीची हवी असेल तर त्या आयटमची बेसलाइन आणि ॲम्प्लिट्यूड स्वतंत्रपणे बदलता येते.

---

तारषड्ज

खर्जासाठी पॅरामीटर मॉड्युलेशन. ते ऑटोमेशनहून वेगळं आहे: रेघेने दिलेली किंमत आधार मानून त्यात भर घालतं किंवा त्यातून वजा करतं. म्हणून तुमची चाल शाबूत राहते.

गायनाच्या ट्रॅकवरून पॅडच्या ट्रॅकला एक सेंड (आवाजाची प्रत पाठवणारी वाट) द्या, तो ३/४ चॅनेलवर. मॅक्रो हलवून 'पॅराम' मधून पॅरामीटर मॉड्युलेशन उघडा, ऑडिओ कंट्रोल सिग्नल चालू करा, चॅनेल ३/४ निवडा आणि दिशा ऋण ठेवा. मात्र गायन आहे तसं पाठवलंत तर वरच्या सुरातल्या जोरकस ताना पॅडला जास्त दाबतील, आणि तुम्हाला नेमकं उलट हवंय. गायनाच्या ट्रॅकची एक प्रत करा, तिचा मास्टर सेंड बंद करा, तिच्यावर लो-पास फिल्टर लावून साधारण २०० हर्ट्झच्या वरचं कापा आणि सेंड तिच्यावरून द्या. आकडा बुवांच्या पट्टीप्रमाणे कानाने ठरवा. रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) लांब ठेवा, नाहीतर पॅड प्रत्येक अक्षराला हलेल.

आणि मिक्स पक्कं झालं की पॅडचा ट्रॅक ऑटोमेशनसकट ऑडिओ म्हणून रेंडर करून प्रोजेक्टबरोबर ठेवा. मूळ ट्रॅक पुसू नका, नुसता म्यूट करा. पुढच्या वर्षी संगणक बदलला, सिंथची आवृत्ती बदलली, तरी हा पॅड असाच वाजेल.

---

मंद्रसप्तक

सेंड लावला. २०० ला पॅड फारच कमी दबत होता, २५० ला बरोबर बसला. रिलीज ८०० मिलिसेकंद ठेवलाय. आता दुसऱ्या अभंगाचा पॅड घेते.