गावच्या नदीचे पात्र यंत्राने सरळ करावे का?

मूळ लेखन
संगमेश्वर तालुक्यातली आमची नदी इतकी लहान आहे की शास्त्री नदीला मिळेपर्यंत तिला कुणी नावाने विचारत नाही. तिचा गाळ यंत्राने उपसून पात्र सरळ करण्याचा विषय आता ग्रामसभेपुढे आला आहे आणि माझा त्याला विरोध आहे. आपल्या नद्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस वाहून नेतात आणि उरलेले आठ महिने कोंडांच्या, म्हणजे पात्रातल्या खोल डोहांच्या, जिवावर तग धरतात. देवळाखालच्या कोंडावर करंजाची मुळे अशी उतरली आहेत की भर मे महिन्यातही त्यांच्या सावलीत कमरेइतके पाणी असते. गुरे तिथेच पाण्यावर येतात आणि गणपतींचे विसर्जनही तिथेच होते. मृगाचा पाऊस लागला की चढणीचे मासे अंडी घालायला याच वळणांतून खाचरांकडे चढतात. पात्र सरळ केल्यावर पाणी आणि मासे थांबणार कुठे?

प्रतिसाद
कोंडाबद्दलची आपली माया मला समजते, पण माझी दोन खाचरे त्याच वळणावर आहेत. गेल्या पावसाळ्यात लावणी होऊन आठ दिवसही झाले नव्हते, तोच नदीने काठ सोडला आणि रोपांवर गुडघाभर वाळू-गोटे आणून टाकले. ते उपसायला लागलेली मजुरी भाताच्या किमतीहून जास्त होती. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले आणि त्यानंतरही वाशिष्ठी नदीतला गाळ काढावा म्हणून तिथल्या लोकांना उपोषणाला बसावे लागले. आपणही तशीच वाट पाहायची का?

आणखी एक मत
गाळ वरून येतो. डोंगरावरची झाडतोड चालू राहिली, तर यंत्र दर उन्हाळ्यात आणावे लागेल.

मूळ लेखकाचे उत्तर
आपले नुकसान खरे आहे आणि ते मी आधी लिहायला हवे होते. आपल्या खाचरांसमोर साचलेले गोट्यांचे बेट जरूर काढावे. मात्र कोंड आणि काठचे करंज यांना हात लागू नये, एवढे ठरावात स्पष्ट लिहावे. शिवाय डिसेंबरात माती भरलेल्या पिशव्यांचा वनराई बंधारा घातला, तर काठच्या विहिरींनाही आधार होईल.

प्रतिसाद
बंधाऱ्याला माझी हरकत नाही, पण पावसाआधी त्याच्या पिशव्या काढायची जबाबदारी कुणाची, हे ठरले पाहिजे. नाहीतर त्या फाटून आपल्याच कोंडात जातात. करंजांपैकी जो प्रवाहात आडवा झुकला आहे तो मात्र तोडावाच लागेल, कारण पुरातला पालापाचोळा त्याला अडकतो आणि पाणी माझ्या बांधाकडे वळते.