जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येतो का? (नागपूर)

प्रश्न, धरमपेठकर: डेल लॅटिट्यूड ई६४३० आहे, आय५-३३२०एम. क्वाड कोर (चार कोरचा) प्रोसेसर बसेल का? बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) काय मागू?

जुनाबोर्ड: बसेल. प्रोसेसर सॉकेटमध्ये (काढता-घालता येणाऱ्या खाचेत) आहे, बोर्डला सोल्डर केलेला (डाग देऊन जोडलेला) नाही. आय७-३६३२क्यूएम घ्या: ४ कोर, ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आणि उष्णता तुमच्याइतकीच, ३५ वॉट. पण पिनवालाच मागा. याच नावाची सोल्डरवाली चिपही निघाली होती, ती निरुपयोगी. ३७२०क्यूएम ४५ वॉटचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ गाठतो, फॅन बोंबलेल.

आधी बायोस (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. मग लॅपटॉप पाच मिनिटं चालवा, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक (उष्णता ओढणारा धातूचा भाग) यांच्यामधली वाळलेली पेस्ट सैल होते. बंद करून बॅटरी काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा. हीटसिंक सरळ ओढू नका, हलकेच फिरवून उचला. सॉकेटचा स्क्रू चपट्या पेचकसाने अर्धा फिरवला की चिप मोकळी होते. नवीन ठेवताना सोनेरी त्रिकोण जुळवा. चिप अलगद बसायला हवी. दाब दिला की पिना वाकल्याच समजा.

संत्रावाला: पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच. हीटसिंकचे स्क्रू त्यावरच्या आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे कसा. एकच बाजू आधी आवळली तर उघड्या डायचा (चिपवरच्या सिलिकॉनच्या तुकड्याचा) कोपरा तुटतो.

खरं सांगू का भाऊ, अजून हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी (तिच्यापेक्षा वेगवान डिस्क) टाका. विंडोज ११ साठी हे करत असाल तर राहू द्या. हे प्रोसेसर इंटेलच्या तिसऱ्या पिढीचे, आणि ती पिढी विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नाहीच.