सर्व्हर लावायला एकच बायनरी: शहाणपण की हट्ट?

सुडोबा:
नवा सर्व्हर हाती आला की मी हल्ली अ‍ॅन्सिबल काढतच नाही; तेच ते, सर्व्हरची मांडणी आपोआप करणारं, पायथनवर चालणारं हत्यार. गो भाषेतला एक प्रोग्राम, बिल्ड करून एकच चालती फाइल म्हणजे बायनरी, सगळ्या कॉन्फिग फाइली त्याच्याच पोटात (२०२१ च्या गो १.१६ पासून ही सोय भाषेतच आहे). एससीपीने (जाळ्यावरून फाइल कॉपी करणारी कमांड) सर्व्हरवर टाकायचा, रूटने (सर्वाधिकारी युजरने) चालवायचा, झालं. पलीकडे पायथन कोणतं, हा प्रश्नच उरत नाही. अ‍ॅन्सिबल-कोर २.१७ ने पलीकडच्या यंत्रावरचं पायथन ३.६ चालवून घेणं सोडलं आणि रेड हॅट ८ लिनक्सवर पॅकेजं बसवणारं डीएनएफ मॉड्यूल अडकलं, कारण तिथलं डीएनएफ ३.६ शीच बांधलेलं. तयारी करून देणाऱ्या हत्यारालाच आधी तयारी का लागावी?

रात्रपाळी:
पहिल्या दिवशी सोपंच असतं हो. मी अशाच एका बायनरीचा वारस आहे. लिहिणारा नोकरी सोडून गेला, सोर्स कुठल्या कमिटचा (गिटमधल्या कुठल्या नोंदीचा) ते कुणालाच ठाऊक नाही. अ‍ॅन्सिबलचं प्लेबुक (कामांची साध्या मजकुरातली यादी) निदान उघडून वाचता तरी येतं.

आणि करामत ऐका. पासवर्डने लॉगिन बंद करायची ओळ ती बायनरी एसएसएचडीच्या (दुरून लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिगच्या तळाला चिकटवायची, दर खेपेला नवी. मी फाइल उघडली तर तीच ओळ अकरा वेळा, आणि पासवर्ड लॉगिन चालूच! एसएसएचडी पहिली सापडलेली व्हॅल्यू धरतो. वरच्या ‘इन्क्लूड’ ओळीने आत ओढलेली क्लाउड-इनिटची (क्लाउडवरचं यंत्र पहिल्यांदा सुरू होताना मांडणी करणाऱ्या प्रोग्रामची) फाइल आधीच ‘येस’ म्हणून मोकळी झालेली.

सुडोबा:
हा दोष लिहिणाऱ्याचा, बायनरीचा नव्हे. शेल स्क्रिप्टमध्येही हेच झालं असतं. माझा प्रोग्राम ०१ ने सुरू होणाऱ्या नावाची वेगळी फाइल ठेवतो, म्हणजे ती क्लाउड-इनिटच्या ५० वाल्या फाइलीच्या आधी वाचली जाते. मग एसएसएचडीलाच विचारतो की प्रत्यक्षात काय लागू आहे. दुसऱ्यांदा चालवल्यावर ‘बदल शून्य’ आलं नाही तर तो बग. कमिटचं म्हणाल तर गिट रेपोत बिल्ड केलं की गो १.१८ पासून ते आपोआप आत जातं.

दोनओळी:
पोटात पासवर्ड नाहीत ना? ‘स्ट्रिंग्ज’ (फाइलीतला वाचता येणारा मजकूर काढणारी कमांड) मारलं की सगळं बाहेर. शिवाय सी-गो (गोमध्ये सी कोड जोडायची सोय) बंद केलं नसेल तर जुन्या यंत्रावर ग्लिबसीच्या (लिनक्सच्या सी लायब्ररीच्या) नावाने बोंब. आणि एआरएम प्रोसेसरला वेगळं बिल्ड, म्हणजे ‘एकच’ फाइल तिथेच संपली.

सुडोबा:
पासवर्ड नाहीत, सी-गो बंद आहे. दोन फाइली होतात हे कबूल.

रात्रपाळी:
कमिटचा मुद्दा मी मागे घेतो. पण युजर, पॅकेज, सर्व्हिस करत करत तुम्ही अर्धं अ‍ॅन्सिबल परत लिहिणार, तेही डॉक्युमेंटेशनशिवाय. काही न बदलता फक्त ‘काय बदलेल’ ते दाखवायची सोय आहे का त्यात? अ‍ॅन्सिबलमध्ये ती ‘चेक’ आणि ‘डिफ’ लावलं की मिळते.

सुडोबा:
नाही अजून. आठ यंत्रांपुरतं डोळ्यांनी भागतं. तरी घालतो या आठवड्यात.

रात्रपाळी:
आधी ते घाला, मग नववं यंत्र घ्या.