बोटीवरचा भंडारी आणि डॉक्टर शेफ

बेकी चेंबर्सच्या 'द लाँग वे टू अ स्मॉल, अँग्री प्लॅनेट' (२०१४) या विज्ञानकादंबरीबद्दल कोणीतरी म्हटलंय, 'पुस्तकात काही घडतच नाही, नुसत्या गप्पा.' तिच्यात लढाया कमी आहेत, हे खरंच. पण अवकाशात बोगदे खणणाऱ्या यानावर महिनोन्‌महिने एकत्र राहायचं, तर दुसरं काय घडणार?

आमचे काका मडगावचे, तारवटी. मालवाहू बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. फिलिपिनो, युक्रेनी, बांगलादेशी मिळून वीसेक जण. सांगायचे, वादळापेक्षा जास्त तंटे सुक्या बांगड्यांच्या वासावरून व्हायचे! म्हणून मला कादंबरीतल्या यानावरचा परग्रहवासी डॉक्टर शेफ फार जवळचा वाटतो. रांधणारा तोच, औषध देणाराही तोच, आणि त्याची जमात आपसातल्या युद्धात संपत आलेली. आपल्या मुलींबद्दल तो यानावरच्या नव्या कारकुनीला, रोझमेरीला, सांगतो ती पानं मी दोनदा वाचली. यानाची परग्रहवासी वैमानिक सिसिक्स, तिचंही तसंच. तिच्या लोकांत अंगाला अंग लावून बसणं रोजचं, आणि माणसांत ती बिचारी हात आवरून असते.

कप्तान अ‍ॅश्बी मात्र जरा जास्तच गुणी बाळ झालाय. शेवटी घाई झालीय, तेही मान्य. पण 'काही घडत नाही'? छे!