कथेतली सगळी माणसं एकाच सुरात बोलतात

प्रश्न: कथा सदाशिव पेठेतल्या वाड्यात घडते. मालकीणबाई, भाडेकरू पोरगा, रिक्षावाला, तिघांचेही संवाद सारखेच वाटतात. काय करू?

शाईपेन: ‘म्हणाली’, ‘म्हणाला’ झाकून वाचा. कोण बोलतंय ते कळत नसेल, तर बहुतेक वेळा पात्राचा हेतूच ठरलेला नसतो. प्रत्येकाला काहीतरी हवं असू दे, पण थेट मागू देऊ नका. मालकीणबाईंना भाडं हवंय, तर त्या विचारतील, “काल रात्री नळ कोणी उघडा ठेवला?” पोरगा नळाचं बोलणारच नाही. “एक तारखेला देतो, काकू.” झाली दोघं वेगळी.

पेठकर: बोलीच्या खुणा एक-दोनच ठेवा; शब्दन् शब्द मोडून लिहिलात की वाचक अडखळतो. आणि निवेदनात ‘केलं’ घेतलंत, तर मध्येच ‘केले’ नको.

शाईपेन: रिक्षावाला उद्धटच हवा का हो? तो साचा आधी काढून टाका.