मदत हवी आहे: दर्शनी भाग राखून मागे टॉवर, कुणाला अनुभव?

गिरगावातली आमची उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणारी जुनी) चाळ मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम ३३(७) खाली पुनर्विकासाला चालली आहे. बिल्डर म्हणतो, रस्त्याकडची भिंत आणि गॅलऱ्या ठेवू, मागे टॉवर बांधू. भिंत चुन्यातली आहे. मजल्यांच्या सागवानी तुळयांची टोकं तिच्यातच बसवलेली आहेत. त्या कापल्या की तिला मागून धरणार कोण? पायलिंगचे (पायासाठी जमिनीत खोल खांब घालण्याचे) हादरे बसतील तेव्हा लोखंडी सांगाड्याचा आधार पुरतो का? पावसाळ्यात काय करतात?

नुसती भिंत उरण्यापेक्षा गॅलरीमागची पहिली खोली तरी राहावी, असं मला मनापासून वाटतं. गॅलरीचे नक्षीदार ब्रॅकेट आज करून मिळणार नाहीत.

करारनाम्यात भिंत पडल्यास जबाबदारी कुणाची, हे कसं लिहून घ्यावं? अशा कामातले स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा संवर्धन वास्तुविशारद माहीत असल्यास कृपया कळवा. सोसायटीची सभा जवळ आली आहे.