'बिनबोटांचे' की 'उघड्या बोटांचे'? हॅलोविनच्या हातमोज्यांना मराठी शब्द हवेत

क्रोशाच्या हातमोज्यांची एक कृती मराठीत लिहायला घेतली आहे. हॅलोविनसाठी केलेले, नारिंगी-काळे, मनगटापासून बोटांच्या मुळांपर्यंत येणारे, वर बोटं मोकळी. विणून झाले दोन संध्याकाळींत, पण लिहायला बसले आणि शीर्षकातच अडकले. 'फिंगरलेस'ला काय म्हणायचं? आणि 'स्पूकी'ला? 'बिनबोटांचे भीतिदायक हातमोजे' असं लिहिलं आणि लगेच खोडलं. वाचून तुटलेला हात डोळ्यांसमोर आला. शब्द असे हवेत की वाचणारीला हातात काय तयार होणार ते आधीच दिसावं. सुचवाल का?

—

'बिन' लावायची आपली पद्धत जुनी आणि चांगली आहे. बिनबाह्यांचा ब्लाउज, बिनबियांची द्राक्षं. त्या चालीवर 'बिनबोटांचे' व्याकरणाने बरोबर आहे. अडचण अर्थाची आहे. ज्या हातमोज्यात चार बोटांना मिळून एकच पिशवी आणि अंगठा तेवढा वेगळा असतो, त्यालाही बोटं नसतातच की! 'बिनबोटांचे' वाचून कुणी तीच बंद पिशवी विणून मोकळी होईल. तुमच्या हातमोज्यांत महत्त्वाचं काय, तर घालणारीची बोटं बाहेर राहतात. म्हणून 'उघड्या बोटांचे हातमोजे'. प्रत्येक बोटाला पेरापर्यंत छोटी नळी असेल तर 'अर्ध्या बोटांचे'. हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि विणायलाही वेगळे आहेत, तेव्हा शब्दही वेगळे ठेवावेत.

'हातमोजा' मात्र बदलू नका. 'मोजा' फारसीतून आला, तिथे 'मोजा' म्हणजे पायात घालायचा बूट. आपण तो पायाचा शब्द उचलून हातावर चढवला. हिंदीने 'दस्ताना' घेतला, त्यात 'दस्त' म्हणजे हात आधीच आहे. जर्मन भाषेत हातमोज्याला शब्दशः 'हाताचा जोडा' म्हणतात. इतक्या लांबच्या दोन भाषांना एकच कल्पना सुचली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

—

शीर्षकात 'हॅलोवीन' दीर्घ लिहा. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की आधीचा इकार दीर्घ, जसं जमीन, बहीण. प्रत्यय लागला की ऱ्हस्व : जमिनीला, बहिणीला, तसं हॅलोविनला. तुम्ही 'हॅलोविनसाठी' लिहिलंय ते बरोबरच आहे.

आणि कृपा करून त्याचं 'भूतदिन' वगैरे भाषांतर नको. 1 नोव्हेंबर हा ख्रिस्ती परंपरेत सर्व संतांचा दिवस, आणि 31 ऑक्टोबर ही त्याची आदली संध्याकाळ. नावातला 'हॅलो' म्हणजे संत आणि 'ईन' म्हणजे संध्याकाळ. नावात भूत कुठेच नाही.

—

'स्पूकी'बद्दल. मूळ शब्द डच, 'स्पूक' म्हणजे भूत. पण आज इंग्रजीत तो खऱ्या भीतीसाठी कमी आणि लुटुपुटीच्या, हव्याहव्याशा भीतीसाठी जास्त वापरतात. मराठी विशेषणं एकेक लावून पाहू.

'भयाण' शांतता असते, रान असतं, हातमोजा नसतो. 'भेसूर' चेहरा किंवा आवाज. 'भुताटकीचे हातमोजे' म्हटलं तर रात्री ते आपोआप हलतात असा अर्थ होईल. सगळ्यात फसवा शब्द 'भुताळी'. ऐकायला अगदी चपखल वाटतो, पण भुताळा-भुताळी म्हणजे भुतं वश करून दुसऱ्यांवर घालणारी जिवंत माणसं. या शब्दाने बायकांवर आळ घेतले गेले आहेत, माणसं वाळीत पडली आहेत. तो हौसेच्या विणकामात येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

लुटुपुटीच्या भीतीला आपल्याकडे हक्काचा शब्द आहे : बागुलबुवा. दाराआडून 'भॉक' करणारा. 'बागुलबुवा हातमोजे' म्हणा. पोर घाबरतं, खिदळतं आणि पुन्हा भॉक करायला सांगतं. 'स्पूकी'चा हाच भाव आहे.

—

बागुलबुवा! हा कसा सुचला नाही मला. शीर्षकात हाच घेते.

आता आतल्या चित्रांचे शब्द पाहा. एका हातावर चेटकिणीची टोपी आहे. मी आधी 'हडळ' लिहिलं होतं, पण हडळ म्हणजे मेलेल्या बाईचं भूत आणि चेटकीण जिवंत असते, म्हणून बदललं. दुसऱ्यावर हाडं आहेत. 'सापळा' लिहू की 'सांगाडा'? आणि मुख्य म्हणजे, दोन्हींच्या पाठीवर कोळ्याचं जाळं आहे. कच्च्या मसुद्यात 'हाताच्या पाठीवर जाळी विणा' असं लिहिलं होतं. मैत्रिणीने वाचून विणून पाहिलं आणि तीन साखळ्या, एक खांब अशी चौकटीचौकटींची जाळी करून आणली. रुमालाला शोभेल अशी!

—

त्यांचं काहीच चुकलं नाही. क्रोशात 'जाळी' म्हणजे तीच चौकटींची वीण. तुम्हाला 'जाळं' हवंय. एका वेलांटी-अनुस्वाराचा फरक, पण तोच सगळं ठरवतो. जुनाट घराचा भास हवा असेल तर 'कोळिष्टक' म्हणा. जाळ्यात कोळी राहतो, कोळिष्टक धूळ धरून लोंबत असतं. तुमचं जाळं आखीवरेखीव असेल तर जाळंच बरं, लोंबते दोरे सोडले असतील तर कोळिष्टक. हाडांसाठी 'सांगाडा' घ्या. 'सापळा'ही बरोबर आहे, पण त्याचा उंदराचा पिंजरा असाही अर्थ निघतो.

एक विनंती : टाक्यांची नावं इंग्रजीवरून 'एकेरी', 'दुहेरी' अशी करू नका. अमेरिकन कृतीतला 'सिंगल' तोच ब्रिटिश कृतीत 'डबल', आणि अमेरिकन 'डबल' ब्रिटिशांकडे 'ट्रेबल'. कुठल्या देशाची कृती हे न पाहता भाषांतर केलं की जाळं हातावर न मावता कोपरापर्यंत जातं. आपलं साखळी आणि खांब दिसण्यावरून ठेवलेलं आहे. खांब म्हणजे टाका घालण्याआधी सुईवर एकदा दोरा घ्यायचा, एवढं एकदा सुरुवातीला सांगितलं की कुणी चुकत नाही.

अंगठ्याच्या जागेला काय म्हटलंय?

—

'भोक' म्हटलं होतं. वीण उसवल्यासारखं वाटतंय का?

—

हो. तुम्ही सपाट तुकडा विणून कडा शिवताना मध्ये जागा सोडली असेल तर ती 'फट'. गोल विणताना सहा साखळ्या घालून खालचे सहा टाके सोडले असतील तर ते 'काज', शर्टाला असतं तसंच, अंगठा जाईल एवढं.

—

माझी फट आहे. सुरुवात आता अशी केली आहे, पाहा :

उघड्या बोटांचे बागुलबुवा हातमोजे. नारिंगी लोकर, काळी लोकर, 4 मिलिमीटरची क्रोशाची सुई. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, म्हणून काळं काम दिवसाउजेडी करा. आधी जाळं : साखळीचं छोटं वर्तुळ करून त्यात 8 खांब, दर खांबानंतर 2 साखळ्या. पुढच्या फेरीत खांबावर खांब, मध्ये 4 साखळ्या. तिसऱ्या फेरीत 6. जाळं टेबलावर सपाट बसायला हवं. वाटीसारखं वर आलं तर साखळ्या सैल घाला.

—

'वाटीसारखं वर आलं तर' हे ठेवाच. माझं पहिलं जाळं अगदी असंच झालं होतं.